हार्डडिस्क बदलल्यापासून कॉम्प्युटर सकाळी चालू होत नाही, दुपारी मात्र नीट चालतो, काय असेल?

माशेल_डीटीपी
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, माशेलला माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं, लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, भजनी सप्ताहाचे कार्यक्रम असली कामं असतात. चवथ अठरा दिवसांवर आलीय, आरत्यांच्या तीन पुस्तिका हातात आहेत आणि नेमका आत्ता कॉम्प्युटर अडून बसलाय. थोडं लांबेल पण सगळं सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

डेस्कटॉप आहे, इंटेल आय ३ चौथ्या पिढीचा, एच ८१ बोर्ड, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. आधी विंडोज ७ होतं, त्यावरच नंतर विंडोज १० अपग्रेड करून घेतलं. गेल्या महिन्यापासून हार्डडिस्क कट कट आवाज करायला लागली, पेजमेकर उघडायला दोन दोन मिनिटं, म्हणून फोंड्याला एका दुकानात नेऊन दिला. त्यांनी ४८० जीबीची एसएसडी घातली आणि सगळं जसंच्या तसं कॉपी केलंय म्हणाले, जुनी डिस्क पण आतच ठेवलीय. घरी आणून आज नऊ दिवस झाले.

आता त्रास असा. सकाळी चालू केला की काळ्या स्क्रीनवर काहीतरी येतं, एफ १ दाबा म्हणतो, तारीख १ जानेवारी २०१३ दाखवतो, आणि मग विंडोजचं चिन्ह येतं न येतं तोच निळा स्क्रीन, खाली लिहिलेलं असतं इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. असं तीन चारदा होतं. दुकानवाल्याला फोन केला तर त्याने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम) जाऊन साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ती सेटिंग, आयडीई करायला सांगितलं, केलं आणि चालू झाला, दिवसभर कितीही वेळा रीस्टार्ट करा काही होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत पहिले पाढे पंचावन्न. आणि एसएसडी घालून स्पीड पण काही वाढलेला नाही, आहे तसाच.

मला वाटलं जुनी डिस्कच घाण करतेय, तिची केबल काढून बघितली तर रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस असा मेसेज. परत लावली, चालू झाला.

दुकानवाला म्हणतो फॉर्मॅट करून नवीन विंडोज टाकू. पण माझं सगळं काम पेजमेकर ७ आणि श्रीलिपीच्या जुन्या व्हर्जनमध्ये आहे, श्रीलिपीचं यूएसबीचं कुलूप (जे लावल्याशिवाय ती चालत नाही) आहे माझ्याकडे पण सीडी कधीच गहाळ झाली. बाबांच्या वेळच्या आरत्या, पत्रिका, सगळ्या फाईली त्याच फाँटमध्ये. फॉर्मॅट झाला तर मी कुठेच राहणार नाही. कोणी मार्ग सांगेल का?


सत्तरीकर
सोमवार, रात्री १०:१५

भाऊ फॉर्मॅट मारून सरळ विंडोज ११ टाक. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालेत, आज ना उद्या बदलावंच लागणार. एक दिवस जाईल पण डोक्याचा ताप जाईल.


खांडेपार_७७
सोमवार, रात्री १०:३२

सत्तरीकर, चौथ्या पिढीचा आय ३ विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो. जबरदस्तीने टाकता येतं पण ज्याची पोटापाण्याची मशीन आहे त्याला चवथीच्या तोंडावर असला सल्ला देऊ नये. आणि त्याने लिहिलंय की सीडी नाही. सीडी नसताना फॉर्मॅट म्हणजे पेटीची चावी आत ठेवून पेटी बंद करणं.


वास्को_हार्डवेअर
मंगळवार, सकाळी ८:०५

आधी साधं बघ. पावसाळ्यात आपल्याकडे निम्म्या मशीन दमटपणाने अडतात, आमच्या वास्कोला तर समुद्राची खारी हवा, रॅमच्या पट्टीवर आणि साटा केबलच्या टोकावर हिरवट काळपट थर येतो. मेन बंद कर, रॅम काढ, सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पूस, ब्रशने झाडून परत बसव, साटा केबल नवीन घाल. सकाळी थंड असताना चालू होत नाही आणि दुपारी गरम झाल्यावर होतो म्हणजे कुठेतरी कनेक्शन ढिलं असणार असा माझा अंदाज.


माशेल_डीटीपी
मंगळवार, दुपारी १:२०

वास्को भाऊ, केलं. रॅम पुसली, दोन्ही केबल नवीन घातल्या. रॅमच्या पट्टीवर खरंच थर होता. पण मेन चालू करून बघितलं तर परत २०१३ आणि परत निळा स्क्रीन, आयडीई केल्यावर चालू. म्हणजे ते नाही वाटतं.


डिचोली_लॅब
मंगळवार, दुपारी ३:४५

दादा, मी डिचोलीला एका शाळेची कॉम्प्युटर लॅब सांभाळते, बारा तेरा वर्षं झाली, असलेच जुने बोर्ड आमच्याकडे आहेत. काही करायच्या आधी तीन गोष्टी सांगा.

रात्री तुम्ही नुसतं शटडाऊन करता की भिंतीवरचं मेन बटणही बंद करता? करत असाल तर कधीपासून?

धिस पीसीमध्ये सी सोडून आणखी एखादा ड्राइव्ह दिसतो का, आणि त्यात काय आहे?

स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, खाली डिस्क ० आणि डिस्क १ अशा दोन पट्ट्या दिसतील. कुठल्या डिस्कच्या कुठल्या खणात बूट, सिस्टम, अॅक्टिव्ह हे शब्द लिहिलेत ते आहे तसं इथे लिहा. तिथे कशावरही क्लिक करून बदल मात्र करू नका.


माशेल_डीटीपी
मंगळवार, संध्याकाळी ६:१०

ताई, मेन बटण बंद करतो. आधी करत नव्हतो, पण कॉम्प्युटर घरी आणला त्याच आठवड्यात व्होल्टेज वर खाली होऊन शेजाऱ्यांचा टीव्ही उडाला, तेव्हापासून रात्री सगळंच बंद करतो.

सी सोडून एफ ड्राइव्ह दिसतो. त्यात विंडोज, प्रोग्राम फाईल्स, माझा कामं नावाचा फोल्डर, सगळं सीमध्ये आहे तसंच आहे. मी समजलो ती जुनी डिस्क.

डिस्क ० मध्ये दोन खण. पहिला सिस्टम रिझर्व्ह्ड १०० एमबी, त्याच्यावर सिस्टम, अॅक्टिव्ह. दुसरा सी, ४६५ जीबी, त्याच्यावर बूट, पेज फाईल. डिस्क १ मध्ये एकच खण, एफ, ४४७ जीबी, त्याच्यावर नुसतं प्रायमरी पार्टिशन.


डिचोली_लॅब
मंगळवार, रात्री ९:००

दादा, आधी एक करा, बाकीचं नंतर वाचा. या नऊ दिवसांत केलेल्या सगळ्या फाईली आत्ताच्या आत्ता पेन ड्राइव्हवर घ्या. कारण तुमचा कॉम्प्युटर नऊ दिवस त्या कट कट वाजणाऱ्या जुन्या डिस्कवरच चालतोय. एसएसडी आत बसलीय पण तिच्यावरून विंडोज एकदाही चालू झालेलं नाही. आरत्यांचं सगळं नवीन काम मरायला टेकलेल्या डिस्कवर आहे, एसएसडीवर नाही.

कशावरून म्हणते ते सांगते. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते आणि ४८० ची ४४७, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. म्हणजे तुमचा सी, ज्याच्यावर बूट लिहिलंय, ती जुनी डिस्क. एफ ही एसएसडी. स्पीड वाढला नाही तो त्यामुळेच.

तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत आणि ते एकाच आठवड्यात आले म्हणून एकच वाटतायत.

पहिला बिघाड बोर्डवरच्या सेलचा. बोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल असतो, सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड, ३ व्होल्टचा. घड्याळ आणि बायोसची सेटिंग तो जपतो. मेन चालू असतं तोपर्यंत कॉम्प्युटर बंद असला तरी बोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि सेलची गरज लागत नाही. मेन बंद केलं की सगळा भार सेलवर, आणि तुमचा सेल संपलाय. म्हणून रोज सकाळी २०१३ साल येतं, बायोस स्वतःच्या मूळ सेटिंगवर जातो, आणि या बोर्डांची मूळ सेटिंग असते एएचसीआय, म्हणजे डिस्कशी बोलायची आयडीईच्या नंतरची नवी पद्धत. तुमचं विंडोज ७ ज्याने पूर्वी टाकलं त्याने आयडीईवर टाकलं असणार, त्या विंडोजला एएचसीआयमधून डिस्क सापडत नाही आणि निळा स्क्रीन येतो. थंड गरमचा संबंध नाही, मेन बटणाचा आहे. सेल आधीच संपलेला असेल, पण मेन कधी बंद होत नव्हतं म्हणून कळला नाही.

दुसरा बिघाड कॉपीचा. विंडोज ७ डिस्कवर सुरुवातीला तो १०० एमबीचा खण करतं आणि चालू होण्याच्या फाईली त्यात ठेवतं. दुकानवाल्याने फक्त सी कॉपी केला, तो छोटा खण राहिला. बहुतेक ५०० ची डिस्क ४८० वर अख्खी कॉपी होईना म्हणून, बरेच प्रोग्राम लहान डिस्कवर अख्खी कॉपी करायला नकार देतात. त्यामुळे जुनी डिस्क काढली की एसएसडीला स्वतःहून चालू होता येत नाही.

फॉर्मॅटची काहीच गरज नाही. पेजमेकर, श्रीलिपी सगळं एसएसडीवर आलेलं आहे, फक्त तिला चालू व्हायला शिकवायचंय. आधी फाईली घ्या आणि सेल बदला. मेन बंद, वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, सेलच्या बाजूची पट्टी हलकेच ढकला, उडून येतो, नवीन बसवताना अधिकची बाजू वर. मग बायोसमध्ये तारीख नीट करा, साटा आत्ता आयडीईच ठेवा.


वास्को_हार्डवेअर
मंगळवार, रात्री ९:२५

ताई, बरोबर. मेन बंद करतो हे मी विचारलंच नाही, चूक माझी. दादा, मल्टीमीटर असेल तर काढलेला सेल मोजून बघा, नवा ३ च्या वर दाखवतो.


माशेल_डीटीपी
बुधवार, सकाळी ११:००

ताई, वाचून हात पाय गार पडले. रात्रीच सगळ्या फाईली दोन पेन ड्राइव्हवर घेतल्या, एक फाईल कॉपी होताना डिस्क पाच मिनिटं कट कट करत राहिली पण शेवटी आली. सेल २.१ दाखवत होता, बदलला. रात्री मुद्दाम मेन बंद ठेवलं, आज सकाळी पहिल्या फटक्यात चालू, तारीख पण बरोबर! आता एसएसडीचं सांगा.


डिचोली_लॅब
बुधवार, दुपारी ४:१०

छान. आता दुसऱ्या कुठल्या तरी कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज १० बनवा. त्या पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून फाईली घेतलेला वापरू नका.

पेन ड्राइव्ह तयार झाला की नऊ दिवसांच्या फाईली सी वरून एफच्या कामं फोल्डरमध्ये टाका. मग शटडाऊन, मेन बंद, आणि जुन्या डिस्कच्या दोन्ही केबल काढा. हे महत्त्वाचं आहे, एसएसडी पहिल्यांदा चालू होताना जुनी डिस्क जोडलेली नको, नाहीतर दोन्हीकडे तेच विंडोज बघून ड्राइव्हच्या सी, एफ या अक्षरांचा घोळ होतो.

पेन ड्राइव्हवरून चालू करा. भाषा विचारणारा निळा जांभळा स्क्रीन आला की इन्स्टॉलवर अजिबात जायचं नाही, तिथेच शिफ्ट आणि एफ १० एकत्र दाबा, काळी खिडकी उघडते. मी उच्चाराप्रमाणे लिहितेय, तुम्ही इंग्रजीत टाइप करा. डिस्कपार्ट, एंटर. लिस्ट डिस्क, एंटर, इथे ४४७ वाली कोणती ते बघा. सिलेक्ट डिस्क आणि तिचा आकडा. लिस्ट पार्टिशन. सिलेक्ट पार्टिशन १. मग अॅक्टिव्ह. मग एक्झिट. त्यानंतर बीसीडीबूट, स्पेस, सी कोलन बॅकस्लॅश विंडोज, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, सी कोलन, स्पेस, स्लॅश एफ, स्पेस, बायोस. शेवटी बूटसेक्ट, स्पेस, स्लॅश एनटी६०, स्पेस, सी कोलन, स्पेस, स्लॅश एमबीआर.

क्लीन आणि फॉर्मॅट हे दोन शब्द त्या खिडकीत चुकूनही टाइप करू नका.


खांडेपार_७७
बुधवार, दुपारी ४:४०

ताईंच्या सांगण्यात दोन भर घालतो. लिस्ट डिस्क केल्यावर उजवीकडे जीपीटी नावाच्या रकान्यात एसएसडीसमोर फुली सारखं चिन्ह असेल तर थांबा आणि इथे विचारा, कारण जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवर खणांची नोंद ठेवायच्या दोन वेगळ्या पद्धती, आणि ताईंनी सांगितलेलं एमबीआर डिस्कसाठी आहे. आणि बूट मेनूमध्ये तोच पेन ड्राइव्ह दोनदा दिसेल, एकाच्या आधी यूईएफआय लिहिलेलं असतं, तुम्ही न लिहिलेला निवडा.


माशेल_डीटीपी
बुधवार, रात्री ८:५०

अडलो. जीपीटीच्या रकान्यात काही नाही, अॅक्टिव्ह पर्यंत सगळं झालं, पण बीसीडीबूट केलं तर फेल्युअर व्हेन अटेम्प्टिंग टू कॉपी बूट फाईल्स असं काहीतरी म्हणतो. खिडकी तशीच उघडी ठेवलीय, हात लावत नाही.


डिचोली_लॅब
बुधवार, रात्री ८:५८

घाबरू नका. पेन ड्राइव्हवरून चालू केल्यावर अक्षरं बदलतात, तुमची एसएसडी तिथे सी नसणार, हे मी आधीच सांगायला हवं होतं. परत डिस्कपार्ट, लिस्ट व्हॉल्यूम, ४४७ समोर कोणतं अक्षर आहे ते बघा. मग एक्झिट, डीआयआर, स्पेस, ते अक्षर कोलन करून विंडोज आणि युजर्स फोल्डर दिसतात ना ते बघा. दिसले की दोन्ही कमांडमध्ये जिथे जिथे सी आहे तिथे ते अक्षर.


माशेल_डीटीपी
बुधवार, रात्री ९:३५

डी होतं! बूट फाईल्स सक्सेसफुली क्रिएटेड आलं, दुसरं पण झालं. पेन ड्राइव्ह काढून चालू केला, जुनी डिस्क टेबलावर आहे, आणि विंडोज वीस सेकंदांत आलं. पेजमेकर उघडला, श्रीलिपी कुलपासकट चालतेय, बाबांची सुखकर्ता दुखहर्ताची जुनी फाईल उघडून बघितली, एक काना मात्रा हललेला नाही. खरं सांगतो डोळ्यांत पाणी आलं. मुलगी विचारते बाबा काय झालं, तिला काय सांगू.


वास्को_हार्डवेअर
बुधवार, रात्री ९:४१

वा! अभिनंदन दादा. ताईंना एक पुस्तिका पाठवा.


डिचोली_लॅब
गुरुवार, सकाळी ७:३०

खूप बरं वाटलं दादा. एक काम राहिलंय, घाई नाही, पुस्तिका छापायला गेल्या की करा. साटा अजून आयडीईवर आहे. चार पाच वर्षांनी हा सेल पण संपेल, बायोस परत एएचसीआयवर जाईल आणि तेव्हा हे सगळं कोणालाच आठवणार नाही. म्हणून विंडोजलाच एएचसीआयची सवय करून टाकायची, एसएसडीला तेच बरं.

एमएसकॉन्फिग उघडा, बूटच्या टॅबवर सेफ बूटला टिक, खाली मिनिमल, ओके, रीस्टार्ट. चालू होताना लगेच डेल दाबत राहा, बायोसमध्ये साटा एएचसीआय करा, सेव्ह. विंडोज सेफ मोडमध्ये येईल आणि लागणारा ड्रायव्हर आपोआप उचलेल. परत एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन टिक काढा, रीस्टार्ट. निळा स्क्रीन आलाच तर बायोसमध्ये परत आयडीई केलं की आहे तिथे याल, नुकसान काही नाही.

आणि विंडोज १० ला आता अपडेट नाहीत म्हणून त्या मशीनवर बँक, मेल नको. पेन ड्राइव्हने गिऱ्हाइकाच्या फाईली येतात त्या दुसऱ्या मशीनवर तपासून मग घ्या.


माशेल_डीटीपी
रविवार, रात्री १०:०५

दोन पुस्तिका काल छापायला गेल्या, तिसरीचं प्रूफ उद्या देवळात दाखवायचंय. आज निवांत बसून एएचसीआय केलं, ताईंनी सांगितलं तसंच झालं, सेफ मोडमध्ये आला, टिक काढली, चालू. मग मुद्दाम अर्धा तास मेन बंद करून बघितलं, काही नाही, नीट चालू होतो.

जुन्या डिस्कचं काय करू, टाकून देऊ का?


खांडेपार_७७
रविवार, रात्री १०:२०

एवढ्यात नको. फॉर्मॅटही नको. कोरड्या डब्यात सिलिकाची पुडी घालून ठेवा, वर तारीख लिहा. वर्षभर काही कमी पडलं नाही तर मग बघू. पण तिच्यावर एकमेव प्रत म्हणून काही ठेवू नका, कामं फोल्डर दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुकानात नाही, घरी ठेवा.


माशेल_डीटीपी
रविवार, रात्री १०:३१

उद्याच बाहेरची डिस्क आणतो. ताई, पुस्तिका डिचोलीला कुठे पाठवू ते मेसेज करा, नाही म्हणू नका. सगळ्यांचं देव बरें करूं.